वळणावरची ड्युटी

सेंट ओव्हीद गावच्या वळणावर पोलिसांची एक जुनी गाडी उभी असे, आणि तिच्यात बसलेल्या माणसाचे कपडे ओडिल गीड्री धूत असे. माणूस म्हणजे तसा माणूस नव्हे. बंद पडलेल्या कापडदुकानातून आणलेलं प्लॅस्टिकचं डोकं, आणि त्याखाली भाताच्या तुसानं ठासून भरलेली पोती. गावानं त्याचं नाव ठेवलं होतं बूदाँ. आतड्यात भात आणि मसाला ठासून आम्ही बूदाँ करतो, सकाळी कॉफीबरोबर उभ्याउभ्या खातो. हाही तसाच ठासलेला, त्यामुळं नाव चपखल बसलं. नाताळात त्याच्या डोक्यावर लाल टोपी चढे. पोरं जाता-येता त्याला सलाम ठोकत.

वर्दी मात्र खरी होती. ओडिलच्या नवऱ्याची, नोलनची.

नोलन गीड्री गावचा एकुलता एक पोलीस. साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर, अक्रोडाच्या जातीच्या पेकानच्या झाडाखाली गाडी लावून बसायचा. कोपर खिडकीत, तोंडात पुदिन्याच्या वासाचं दातकोरणं. गावातला कोणी जोरात गेला तर त्याला थांबवायचा, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा आणि सोडून द्यायचा. परगावच्यांना चलान फाडायचा, पण तेही अशा अदबीनं की लोक आभार मानून जात. त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधायचा तर परगणा सोडून बाहेर जावं लागलं असतं.

दोन वर्षांपूर्वी, उसाचं गळीत सुरू झालं त्याच आठवड्यात, तो वळणावर गाडीत बसल्याबसल्या गेला. आणि आता जे सांगायचं ते आमचं गाव स्वतःहून कधी सांगत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत सगळं गाव त्याच्या पुढून गेलं. प्रत्येकानं वेग कमी केला, प्रत्येकानं हात केला. उसाचे ट्रक गेले, शाळेची बस गेली, पाद्रीबाबा गेले. खुद्द ओडिल कोळंबी आणायला गेली आणि तिनं हॉर्न वाजवला. त्यानं मान वळवली नाही. सकाळी न्याहारीला तिनं डॉक्टरांचं ऐकून त्याच्या पुढचं लोणी उचललं होतं, म्हणून स्वारी रुसलीय असं तिला वाटलं. "बस रुसून," ती गाडीतल्या गाडीत म्हणाली आणि पुढं गेली. दुपारी टपालवाल्या बाईनं पत्र द्यायला काच ठोठावली तेव्हा कळलं.

मयताच्या जेवणाला मेयर डुरेल फोंतेनो बटाट्याच्या सॅलडचा चमचा हातात धरून म्हणाला, "पण एक आहे. त्या दिवशी त्या रस्त्यानं एकही गाडी जोरात गेली नाही."

डुरेलचं खताचं आणि जनावरांच्या खाद्याचं दुकान. आमच्या इकडं लहान गावात मेयरच न्यायाधीशही असतो, म्हणजे तो सकाळी तुम्हाला कोंबड्यांचा भरडा विकतो आणि संध्याकाळी दंड करतो. जेवणातली ती कल्पना त्याच्या डोक्यात राहिली. महिन्याभरात नोलनच्या त्याच जुन्या गाडीत बूदाँ येऊन बसला. डुरेलनं ओडिलकडं वर्दी मागितली, आणि तिनं दिली. कपाटात टांगून ठेवण्यापेक्षा बरं, असं ती सांगायची. खरं कारण वेगळं होतं. कुणाचा तरी शर्ट धुवावा, त्याला इस्त्री करावी, बटणं लावावी, एवढं तिला हवं होतं. दर पंधरवड्याला शनिवारी ती वळणावर जायची, शर्ट बदलायची, कॉलर सारखी करायची आणि घरी यायची. तुसाचा आणि बुरशीचा वास मारणारा शर्ट ती तासभर चोळत बसायची आणि तिला बरं वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात राजधानीत नवा कायदा झाला. कायदा करणारे तिकडं दूर, थंडगार दिवाणखान्यात, आणि वळण आमचं. वेगाचा दंड दुप्पट झाला. त्यावर कोर्टाचा खर्च वाढला, आणि भरायला उशीर झाला की दंडावर दंड. भरलाच नाही तर गाडी चालवायचा परवाना जातो, आणि परवान्याशिवाय गाडी चालवली तर सरळ तुरुंग. रस्त्यावर कॅमेरा लावायची मुभा मिळाली, पण एक अट होती. प्रत्येक चलानावर शपथ घेतलेल्या एखाद्या पोलिसाचं नाव आणि बिल्ल्याचा क्रमांक हवा.

गावाला पोलीसच नव्हता. नोलननंतर दोघे आले आणि पगार ऐकून गेले. पण नोलनचं नाव राज्याच्या यादीतून उतरलेलं नव्हतं, कारण ते उतरवायचा कागद डुरेलनं कधी पाठवलाच नव्हता. आळस एखाद्याला असा फळतो. त्यानं बूदाँच्या पुढ्यात काचेमागं कॅमेरा बसवला, आणि सप्टेंबरात घरोघरी चलानं यायला लागली. तळाशी छापलेलं असे: शिपाई नोलन गीड्री. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते इथं डुरेलनं खरोखर काढून दाखवलं.

सप्टेंबरअखेरच्या एका शनिवारी शर्ट टबात टाकताना ओडिलला कॉलरच्या आत पिवळसर रेघ दिसली. तिनं चष्मा लावला. घामाचा डाग होता. ती उभं आयुष्य तो डाग घासत आली होती, तिला तो ओळखू येणार नाही असं नव्हतं. भाताच्या तुसाला घाम येत नाही. तिनं साबणाची वडी घेतली, डाग घासला आणि शर्ट दोरीवर टाकला. कुणाला काही बोलली नाही.

पुढच्या खेपेला डाव्या बाहीचं कोपर चुरगळलेलं होतं, खिडकीत टेकवून बसल्यासारखं. बूदाँचे दोन्ही हात तिनं स्वतः दोऱ्यानं स्टिअरिंगला बांधले होते, आणि ते तसेच बांधलेले होते. त्याच्या पुढच्या खेपेला खिशात दातकोरणं सापडलं, टोक चावून चावून कुंचल्यासारखं झालेलं. तिनं ते नाकाशी धरलं. पुदिना.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नाही, आनंद झाला. स्वयंपाकघरात ते दातकोरणं मुठीत घेऊन ती किती तरी वेळ हसत उभी होती. त्या संध्याकाळी तिनं दोघांपुरता गंबोचा दाट रस्सा शिजवला आणि मग तो टाकून दिला.

हा आनंद संतांच्या सणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या एक तारखेपर्यंत टिकला. त्या दिवशी गावातली माणसं दफनभूमीत जाऊन आपापल्या माणसांची थडगी धुतात, त्यांना चुना लावतात, मेणबत्त्या लावतात. चुना लावताना ओडिल नोलनशी बोलायची. छपराला गळती लागली, बहिणीला चौथं नातवंड झालं, असलंच काहीबाही. दोन वर्षं तिला वाटत आलं होतं की तो ऐकतोय. यंदा कुणीतरी तिच्या आधी येऊन गेलं होतं. थडग्यावर दगडाखाली एक फाडलेलं चलान ठेवलेलं होतं. तिनं ते उचललं, खिशात कोंबलं आणि बादलीत कुंचला बुडवला. पहिलाच हात मारला आणि ती थबकली. आवाज पोकळ येत होता. रिकाम्या पिंपावर कुंचला फिरवावा तसा. तिनं तळहातानं दगड थोपटला, शेजारचं तिच्या सासऱ्याचं थडगंही थोपटलं. सासऱ्याचं भरीव वाजलं. नोलनचं नाही.

तो इथं नव्हता. तो तिकडं वळणावर होता, थंडीत, रात्रंदिवस, आणि त्याला कुणी सोडायला येत नव्हतं. जोवर त्याच्या नावानं चलानं निघत होती, तोवर त्याची पाळी संपणार नव्हती. हे तिला तिथं, चुन्याची बादली हातात असताना, स्वच्छ कळलं. जन्मभर ज्यानं कुणाचं वाकडं केलं नाही, त्याला मेल्यावर लोकांच्या शिव्या खात बसवलं होतं. आणि ती स्वतः, बावळट बाई, त्याचे शर्ट धूत खूश होती.

नोव्हेंबरच्या मध्याला तेओफील ब्रू आला. तेओफील उसाचा ट्रक चालवतो. नोलनचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि जिभेला हाड नसलेला माणूस.

"ओडिल, नवऱ्याला जरा समज दे गं तुझ्या," पायरीवर बुटांचा चिखल झाडत तो म्हणाला.

"काय केलं आता त्यानं?"

"चलान धाडलंय मला. जोरात गेलो म्हणे. माझा ट्रक उसानं भरला की जोरात जातो हे मला माहीत असतं तर मी शर्यतीत नसतो उतरलो?" त्यानं कागद टेबलावर टाकला. "जिवंत होता तोवर माझ्या घरची कॉफी ढोसली, एक चलान दिलं नाही. मेल्यावर अक्कल आली बघ बेट्याला."

तो एकटाच हसला. ओडिलनं त्याच्यापुढं कप ठेवला.

"हे दुसरं आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पहिलं भरता आलं नाही. ऐन हंगामात परवाना गेला तर मी काय करू? शेळ्या राखू?"

"मी बोलते डुरेलशी."

"बोल." त्यानं कप तोंडाला लावला, पण प्यायला नाही. "एक विचारू? रागावू नको. त्या गाडीत रात्री कोणी झोपतं का गं?"

"का?"

"सकाळी थंडीत जातो ना मी, तर काच पांढरी झालेली असते. बाहेरून दव पडतं ते निराळं. ही आतून धुरकटलेली असते. आत माणूस श्वास घेत बसला की होते तशी." त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. "बेवारशी कोणीतरी झोपत असेल. असेलच."

"असेल," ओडिल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती डुरेलच्या दुकानात गेली. तो कोंड्याची पोती मोजत होता. तिला बघून त्यानं उगाच एक पोतं इकडचं तिकडं केलं.

"मिस ओडिल, कायदा माझा नाही, राज्याचा आहे," तिचं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला. आमच्या इकडं लग्न झालेल्या बाईलाही आदरानं मिसच म्हणतात.

"नाव माझ्या नवऱ्याचं आहे."

"नाव आता गावाचं झालं. शपथ घेतली होती ना त्यानं? शपथेला कुठं निवृत्ती असते!"

"त्याला सोड रे, डुरेल. दमला असेल तो."

डुरेलनं हसायचा प्रयत्न केला. "नवा शिपाई मिळाला की लगेच काढतो नाव. जाहिरात दिलीय."

"कुठं दिलीय?"

डुरेलनं छपराकडं पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि हे बघा, गाडीला हातबीत लावू नका. नव्या कायद्यात पोलिसांच्या गाडीला धक्का लावला तरी तुरुंग आहे. तुम्ही आपल्या म्हणून सांगतो. आणि आता ते शर्ट बदलायलाही जाऊ नका. राहू दे तसंच."

शेवटचं वाक्य त्यानं इतक्या घाईनं उच्चारलं की ओडिल त्याच्याकडं बघतच राहिली.

मागच्या अंगणात झुल्मा बाबिनो उभी होती. झुल्मा दुकानात हिशेब बघते आणि कोर्टाच्या दिवशी कारकुनी करते. तिनं ओडिलला पेकानच्या पोत्यांआड ओढलं.

"डुरेल स्वतः वळणावरनं जात नाही हल्ली," ती कुजबुजली. "कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं येतो, टायर फाडून घेतो, पण तिकडनं जात नाही. विचारलं तर अंगावर येतो."

"काय पाहिलं त्यानं?"

"सांगेल तर तो डुरेल कसला!" झुल्मानं इकडंतिकडं पाहिलं. "सगळे आपले मुकाट भरतात गं. कोर्टात कोणी लढतच नाही. लढलं तर शिपायाला साक्षीला हाक मारावी लागते, आणि मेलेल्याला हाक मारायला सगळे भितात. आणि त्याच नव्या कायद्यात मागं एक कलम आहे. हाक मारूनही जो शिपाई हजर होत नाही, त्याचं नाव त्याच दिवशी यादीतून उतरतं, आणि त्याच्या नावाची सगळी चलानं रद्द. डुरेलनं फक्त दंडाच्या दरांचं पान वाचलंय. बाकीचं मी वाचलं."

बोलून गेली आणि तिचा चेहरा उतरला. शिपाई कोर्टात आला नाही की चलान फुकट जातं, हे आमच्या गावात पोरांनाही ठाऊक असतं. पूर्वी लोक त्याच आशेनं लढायचे, की नोलन आजारी पडेल, विसरेल, मासे धरायला जाईल. तो कधीच चुकला नाही. तापानं फणफणलेला आला होता. आईचं प्रेत घरात होतं त्या संध्याकाळीसुद्धा तो आला, साक्ष दिली आणि परत जाऊन जपमाळेला बसला.

"हाक मारली की तो येतोच," झुल्मा म्हणाली.

"माहीत आहे मला," ओडिल म्हणाली.

एका धुक्याच्या सकाळी तिनं गाडी काढली. ओडिलनं जन्मात कधी वेगाची मर्यादा ओलांडली नव्हती. पोलिसाची बायको होती ती. कारखान्याच्या बाजूनं येताना तिनं पाय दाबला आणि दाबूनच ठेवला. जुनी गाडी थरथरायला लागली. वळण आलं, पेकानचं झाड आलं, आणि त्याखाली ती गाडी. काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर मात्र, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक गोल भाग स्वच्छ होता. शर्टाच्या बाहीनं पुसल्यासारखा. त्या गोलात टोपीची कड दिसली. पुढचं बघायच्या आत ती पुढं निघून गेली होती.

आरशात तिला दिसलं, त्या गाडीचे दिवे एकदा लागले आणि विझले. कॅमेरा आपल्या वेगळ्या छोट्या बॅटरीवर चालायचा, पण त्या गाडीत बॅटरी नव्हती. गेल्या नाताळात ती काढून डुरेलनं आपल्या बोटीला लावली होती.

चलान टपालानं आलं. तिनं ते फ्रिजवर चिकटवलं आणि कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसली. त्या दिवसांत तिला झोप नव्हती. तो आला नाही तर सुटणार होता. आला तर पुन्हा कामावर, आणि कायमचा. एवढं सगळं कळूनही एक विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता. आला, तर दिसेल तरी.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी संध्याकाळी धुकं होतं आणि कारखान्याच्या मळीचा वास हवेत साचलेला होता. आमचं कोर्ट जुन्या शाळेच्या जेवणघरात भरतं. समोर लाकडी उतार, मग खडीचा रस्ता. डावीकडं वळण, उजवीकडं चर्च आणि दफनभूमी. एरवी अर्धे लोक बाहेर सिगारेट ओढत उभे असतात, म्हणून नाव पुकारायचं ते झुल्मा दारात उभी राहून, तीन वेळा. तिसऱ्या हाकेला आला नाही तो गैरहजर. त्या दिवशी बाहेर कोणी थांबलं नव्हतं. सगळे आत, बाकांवर खांद्याला खांदा लावून बसले होते. ओडिल काय करणार हे गावाला कळलेलं होतं.

"आरोप मान्य?" डुरेलनं विचारलं.

"नाही."

"मिस ओडिल, फोटो आहे तुमचा."

"फोटोनं शपथ घेतलेली नाही. ज्यानं चलान केलं त्याला बोलव."

खोलीत कुजबुज झाली. मागच्या बाकावरून म्हाताऱ्या युलाली मावशी ओरडल्या, "मेलेल्याचं नाव उंबरठ्यावरून घेऊ नका रे! घरात या म्हटल्यासारखं होतं ते!"

"गप्प बसा हो, मावशी," डुरेल म्हणाला. पण त्याचा रंग उडाला होता. एक चलान गेलं तर गेलं, असा हिशेब त्यानं केला असावा. "मार गं हाक, झुल्मा. उरक एकदाचं."

झुल्मानं दार उघडलं. धुकं आत आलं.

"शिपाई नोलन गीड्री!"

काही झालं नाही. कालव्यातले बेडूक ओरडत होते ते थांबले, एवढंच.

"शिपाई नोलन गीड्री!"

दूर, वळणाच्या बाजूला, गाडीचं दार लागलं. नीट लागलं नाही म्हणून पुन्हा आपटलं. नोलनच्या जुन्या गाडीचं दार दोनदा आपटावं लागायचं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. कोणीतरी प्रार्थना पुटपुटायला लागलं. झुल्मा वळली आणि तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"मार," ओडिल म्हणाली. "तीन झाल्याशिवाय चालत नाही."

तिसरी हाक झुल्मानं इतक्या हळू मारली की बाकांवर ऐकू आली नसेल. बाहेर मात्र ऐकू गेली. खडीवर पावलं वाजायला लागली. घाई नव्हती त्यांना. कामावर जाणाऱ्या माणसाची पावलं, टाच जड. कातडी पट्ट्याची करकर. मग लाकडी उताराची पहिली फळी वाजली.

झुल्मा भिंतीला चिकटली. ओडिल उठली, दारापर्यंत चालत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली.

पावलं दाराशी येऊन थांबली. फळीच्या फटीतून दाढीच्या साबणाचा वास आला, आणि पुदिन्याचा. मग तिच्या हातातली मूठ हळूच फिरू लागली. ती ओळखीची होती, ती फिरवण्याची पद्धत. झोपलेल्या बायकोला जाग येऊ नये म्हणून कामावरून परतलेला माणूस फिरवतो तशी. दार उघडावं असं ओडिलला इतकं वाटलं की तिच्या दातांतून आवाज निघाला. एकदा, फक्त तोंड बघावं. लोण्याचं विसर म्हणावं. तिनं कपाळ दाराला टेकलं आणि मूठ घट्ट आवळली. बोटं पांढरी पडली.

"दारात कोण आहे?" डुरेलचा आवाज चिरकला.

"कोणी नाही," ओडिल म्हणाली. "हजर नाही. लिही, झुल्मा."

"पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं..." डुरेल म्हणाला.

"लिही म्हणते ना!"

झुल्मा कशीबशी टेबलापाशी गेली. पेन कागदावर खरखरलं. नियम असतो म्हणून तिनं ते मोठ्यानं वाचलं: "शिपाई नोलन गीड्री. गैरहजर."

त्याच्या नावापुढं तो शब्द कधी लागला नव्हता. तापात नाही, आई गेली तेव्हा नाही. आता तो ओडिलनं लावला होता, तो दारात उभा असताना. दाराच्या पलीकडून एक श्वास आला, लांब, जसा माणूस बूट काढताना सोडतो. मग मूठ सैल झाली.

बराच वेळ काहीच वाजलं नाही. डुरेल दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला होता. मग उताराच्या फळ्या वाजल्या, एकेक करून, खाली जाताना. खडी वाजली. सगळ्यांनी कान टवकारले, कारण डावीकडं वळण होतं आणि उजवीकडं दफनभूमी.

पावलं उजवीकडं वळली.

ओडिलच्या हातात ती मूठ थंड पडत चालली होती. ती आता रडत होती, आवाज न करता, आणि दाराला पाठ लावून उभी होती. लोक उठायला लागले. कोणाला तिथं क्षणभरही थांबायचं नव्हतं. शेवटी तेओफील पुढं आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"ओडिल," तो म्हणाला, "सोड गं दार आता. लोकांना घरी जायचंय."

"थांबा जरा," ती म्हणाली. "त्याला पोचू दे आधी."